मी घरी असलो की नेट पळतं

आमच्या घरात कॉम्प्युटरचा माणूस मी आहे. ही पदवी मला कोणी दिली नाही, जागा रिकामी होती म्हणून मी बसलो. ऑफिसात माझं काम खरेदी विभागातलं. पण एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी न फाडता बाहेर काढला होता आणि त्या प्रसंगाला साक्षीदार होते. तेव्हापासून माझं नाव झालं. माझी उपचारपद्धत एकच आहे: बंद करा, थांबा, चालू करा. यातलं 'थांबा' सगळ्यात महत्त्वाचं. तेवढ्या वेळात मी चष्मा पुसतो आणि बघणाऱ्यांना वाटतं, हा विचार करतोय.

त्यामुळे बायकोला घरून काम करायची परवानगी मिळाली तेव्हा इंटरनेटची वायर ओढायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं.

ही परवानगी आम्हाला फार हवी होती. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांचं घर दिवाळे गावात, खाडीच्या अंगाला. जिना उभा. मेव्हणा आणि त्याची बायको दोघंही उजाडायच्या आत मासळीच्या मागे बाहेर पडणारे. म्हणून सासूबाईंना आम्ही खारघरला आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. आता दिवसभर घरात कोणीतरी हवं. बायकोची कंपनी आरोग्यविम्याची कागदपत्रं तपासते. तिने वर विनंती केली आणि कंपनी हो म्हणाली, पण अटीवर. वायफाय चालणार नाही, वायरच पाहिजे. आणि कामाच्या वेळात वेग ठरवलेल्या आकड्याखाली जात राहिला, तर परवानगी रद्द आणि बाईंनी ऐरोलीच्या ऑफिसात येऊन बसायचं. ती ऐरोलीला गेली की सासूबाई घरात एकट्या. आणि एकटंच राहायचं तर स्वतःच्या घरात राहीन, हे त्यांनी आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. म्हणजे सासूबाईंचा आमच्याकडचा मुक्काम एका वायरीवर टांगलेला होता, आणि ती वायर माझ्यावर.

वायर ओढणारा माणूस आला होता. त्याने भिंतीला मशीन लावायची भाषा केली. नुकताच रंग दिलेला. मी म्हणालो, "भिंतीला हात लावायचा नाही." तो म्हणाला, "मग साहेब, हवेतून नेऊ?" या कुत्सित प्रश्नाचं मी शब्दशः उत्तर दिलं. त्याला चहा पाजून घालवला, निळी जाडजूड वायर विकत आणली आणि हॉलमधल्या राउटरपासून निघालो. स्वयंपाकघराच्या दारावरून, तिथून ड्राय बाल्कनीत, बाल्कनीच्या ग्रिलला या टोकापासून त्या टोकापर्यंत, कपड्यांच्या दोऱ्यांच्या बाजूने, आणि मग बेडरूमच्या खिडकीतून थेट कॉम्प्युटरच्या पाठीत. भिंतीला एक ओरखडा नाही. बायकोने वेग तपासला, भरपूर निघाला. मी दोन्ही हात कमरेवर ठेवून बाल्कनीत उभा राहिलो. समोरच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ मनीप्लांटला पाणी घालत होते. त्यांनीही बघावं असं मला फार वाटलं.

पहिला आठवडा बरा गेला. मग एक दिवस मी ऑफिसातून आलो तर बायको दारातच.

"अहो, नेट मेलंय. सकाळपासून. एक फाइल उघडायला चहा होतो."

मी बूट न काढता बेडरूममध्ये गेलो. वेग तपासला. वारा प्यायलेल्या वासरासारखं नेट पळत होतं.

"चालतंय की."

"आत्ता चालतंय. दुपारी नव्हतं."

"तू बंद करून, थांबून, चालू केलंस का?"

"केलं."

"थांबलीस का पण मध्ये?"

तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही.

मग हे रोजचंच झालं. रोज म्हणजे अगदी रोज नाही. एखाद्या दिवशी सकाळपासून रांगायचं, दुसऱ्या दिवशी जरा बरं, तिसऱ्या दिवशी ठीक. मग पुन्हा एक दिवस सकाळीच मान टाकायचं. मात्र मी संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की ठणठणीत. डॉक्टरसमोर खोकला जातो तसं. मी सुट्टीच्या दिवशी बघायचो तेव्हाही काही नाही. पहिले काही दिवस मी विनयाने वागलो. नंतर माझ्या तोंडून ते वाक्य गेलं, जे विवाहित माणसाने कधी बोलू नये: "तुला तसं वाटत असेल."

"मला वाटतं? मग स्क्रीनवरचं चक्र पण मला वाटतं का? माझ्या टीम लीडरला पण वाटतं का?"

"अगं, नेट काय उपास करतं का, एक दिवस जेवतं, एक दिवस नाही?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "बाय, जावयांना पानी दिलास का?" आमची भांडणं त्या अशाच मिटवतात. पाणी आलं की माणसाला ते प्यावं लागतं, आणि पिताना बोलता येत नाही.

सासूबाई मला फार जपतात, हे इथे सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. माझं घर साताऱ्याकडचं, चातुर्मासात कांदासुद्धा न आणणारं. लग्नाच्या बोलण्यांच्या वेळी माझ्या आईने कोळ्यांच्या त्या घरात नाकाला पदर लावला होता. आई नंतर निवळली, मी तर सहा महिन्यांत बोंबील फ्रायला लागलो आणि आज माझं नाकही दिवाळ्याचं झालंय, मासळीचा वास मला वेगळा म्हणून येतच नाही. पण सासूबाईंच्या मनात तो पदर अजून नाकावरच आहे. जावयाच्या पानात मासळी तळलेली आली तर चालेल, पण कच्ची, उघडी, टांगलेली मासळी जावयाच्या नजरेला पडता कामा नये. तो त्यांच्या लेखी जावयाचा अपमान.

तर आमचा तपास चालू राहिला. मी राउटर टीव्हीमागून उचलून शोकेसवर ठेवला, मग शोकेसवरून देवघराशेजारी. सासूबाईंनी संध्याकाळी देवांबरोबर त्यालाही निरांजन ओवाळलं, लुकलुकतंय म्हणजे काहीतरी असेल म्हणून. मी कॉम्प्युटर उघडून आतली धूळ पुसली. बंद करताना एक स्क्रू उरला. तो मी खिशात घातला आणि कोणाला बोललो नाही. इंटरनेट कंपनीचा माणूस बोलावला. तोही संध्याकाळीच यायचा. मोबाइल पुढे करून म्हणायचा, "सर, एकदम मक्खन." आम्ही दोघे पुरुष एकमेकांकडे बघून समजूतदारपणे मान हलवायचो आणि बायको दोघांकडे बघून हलवायची नाही.

एका संध्याकाळी आलो तर घर शांत. सासूबाईंची पिशवी दाराशी. आत त्यांची दोन पातळं, औषधांचा डबा, आणि वर घडी केलेली शाल. बायको स्वयंपाकघरात कणिक मळत होती, म्हणजे मारत होती.

"टीम लीडरचा फोन आला होता. शुक्रवारी अकराला शेवटचा कॉल. कॉल चालू असताना तो तिकडून वेग बघणार आणि कॅमेऱ्यावर वायर दाखवायची, खरंच वायर आहे की मी वायफायवर चालवतेय ते बघायला. नापास झाले तर सोमवारपासून ऐरोली."

"आणि आई?"

सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "मना घरा सोर, बाय. माजे पायी तुजी नोकरी नको."

"तू गप बस गं. जिना कोण चढवणार तुला?"

"बसून चरन. लहान पोरं नाय चरत?"

ऑपरेशन झालेल्या गुडघ्याची बाई बसून जिना चढते आहे हे चित्र मला दिसलं आणि पहिल्यांदा मला आपल्या त्या पदवीची लाज वाटली. मी पिशवी उचलून परत त्यांच्या खाटेखाली ठेवली आणि जाहीर केलं, "मी उद्या रजा टाकतो. दिवसभर या मशीनसमोर बसतो. बघू कोण जातंय कुठे."

गुरुवारी मी सकाळपासून बेडरूममध्ये स्टुलावर बसलो, बायकोच्या कोपराशी. दर थोड्या वेळाने वेग तपासत. नेट दिवसभर असं पळालं की विचारू नका. एक चक्र फिरलं नाही. दुपारपर्यंत बायकोचा चेहरा उतरत गेला. नेट चांगलं चाललंय म्हणून रडकुंडीला आलेली बाई मी प्रथमच पाहिली.

"बघ," मी म्हणालो. "काही नाहीये."

"तुम्ही बसलाय म्हणून चालतंय."

"मग मी रोज बसू का? नोकरी सोडून? उदबत्ती लावून?"

सासूबाईंचं मात्र त्या दिवशी काहीतरी बिनसलं होतं. वॉकर घेऊन स्वयंपाकघरात जायच्या, फ्रिज उघडायच्या, आत बघायच्या, बंद करायच्या. चार वेळा मला विचारलं, "जावय, तुमी बाहेर नाय जानार? पाय मोकले करायला?" मला वाटलं, जावयाने असं घरात बसणं त्यांना अपशकुनी वाटत असेल. आमच्याकडे पुरुष कामाच्या दिवशी घरात दिसला की कोणीतरी आजारी असतं.

शुक्रवारीही मी रजा वाढवली. कॉलच्या आधी निदान वायर तरी नवी घालू म्हणून दहाच्या सुमारास चप्पल घातली. "आलो मी, सेक्टरच्या दुकानातून नवीन वायर घेऊन," असं म्हणत दार ओढलं. दुकान बंद होतं. मालक गावाला, असा पुठ्ठ्यावर मजकूर. मी तसाच परत फिरलो, लॅच उघडून आत आलो आणि आवाज न करता बेडरूममध्ये जाऊन बायकोच्या मागे स्टुलावर बसलो. तिने एकदा वळून बघितलं. कानावर हेडफोन, समोर फायली. स्क्रीनच्या कोपऱ्यात मी कालच वेगाचा आकडा कायम दिसेल अशी सोय केली होती, माझ्या ज्ञानाचा कळस.

आणि माझ्या डोळ्यांदेखत तो आकडा पडला. थोडा नाही. वरच्या मजल्यावरून खाली पडावा तसा पडला. बायकोने दोन्ही हात वर केले, "बघा! बघा! दिसलं?" फाइलवर चक्र फिरायला लागलं. मी खाली वाकून कॉम्प्युटरच्या पाठीकडे पाहिलं. जिथे वायरीचं टोक आत जातं तिथला हिरवा दिवा नारिंगी झाला होता, आणि ते टोक वाकडं झालं होतं. कोणीतरी पलीकडून ओढत असल्यासारखं. मी बघत असताना ते आणखी एक हिसका देऊन वाकलं.

माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात थरारक तांत्रिक क्षण. मी वायर हातात धरली आणि तिच्या मागे निघालो. खिडकीपर्यंत. खिडकी उघडली, ग्रिलमधून हात घातला आणि बाल्कनीच्या बाजूला वायर चाचपत पुढे नेला. हाताला काहीतरी थंड, ओलं, गिळगिळीत लागलं. त्याला तोंड होतं. तोंडात दात होते.

मी ओरडलो. पलीकडून सासूबाई ओरडल्या.

धावत ड्राय बाल्कनीत गेलो. सासूबाई वॉकरला टेकून उभ्या, पायाशी बादली, हातात दोन बोंबील. माझ्या निळ्या वायरीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोंबील. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टांगतात. गावात त्यासाठी बांबूच्या मांडवावर दोऱ्या ताणलेल्या असतात, वलांडी म्हणतात तिला. माझ्या नेटवर्कची वलांडी झाली होती. ताजा बोंबील म्हणजे सगळं पाणीच. त्या वजनाने वायर झोक्यासारखी खाली आली होती आणि तिचं टोक तिकडे कॉम्प्युटरच्या पाठीतून निसटायला बघत होतं. वाळले की हलके, मग नेट बरं. मेव्हणा नवी पिशवी देऊन गेला की पुन्हा ओले, पुन्हा नेट आडवं. आणि संध्याकाळी जावई यायच्या आत, सुट्टीच्या दिवशी तर मुळातच, दोरी साफ. जावयाच्या नजरेला काही पडू नये म्हणून. काल मी दिवसभर घरात बसलो, म्हणून बोंबील दिवसभर फ्रिजमध्ये बसले. आज मी बाहेर पडल्याबरोबर दोन दिवसांचा माल एकदम बाहेर आला होता.

सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला. "तुमी दुकानात गेलेलाव ना?"

"बंद होतं."

"मंग सांगायचा ना खोकून तरी!"

मागून बायको आली. हेडफोन गळ्यात. तिने वायर पाहिली, बोंबील पाहिले, आई पाहिली, मी पाहिला.

"आई! या वायरीवर?"

"तूच बोल्लीस, कपऱ्यांचे दोरीवर नको. मी टाकले का कपऱ्यांचे दोरीवर? एक तरी?" सासूबाई दुखावल्या होत्या. "ही निली कपऱ्यांची नाय. हिच्यावर कंदी कोनी रुमाल पन टाकला नाय. मना वाटला, जावयांनी माज्यासाठी बांदली. डॉक्टर बोलतान उबी रा, उबी रा. नुसती उबी कोन रानार?"

बायकोने मोबाइलमध्ये वेळ बघितली आणि तिच्या तोंडून दिवाळ्याची एक शिवी गेली, जी मी वीस वर्षांत ऐकली नव्हती. अकराला पाच मिनिटं.

"काढा, काढा सगळे."

"कुठे ठेवू?" बादलीत मिठाचं पाणी. जमीन नुकती पुसलेली. कपड्यांच्या दोरीवर तिचा ऑफिसचा कुर्ता. एक जोडी काढली तर ती माझ्या हातात राहिली आणि दुसरी काढायला हात उरला नाही. आत कॉलची घंटा वाजायला लागली.

मग मी आयुष्यातला एकमेव अचूक तांत्रिक निर्णय घेतला. वायरीच्या मधोमध, बोंबलांच्या खाली गेलो आणि दोन्ही हातांनी वायर वर उचलून धरली. झोका सपाट झाला. आतून बायको ओरडली, "आलं! आलं! हिरवा झाला! हलू नका!"

मी हललो नाही. दोन्ही हात वर, मान थोडी वाकडी, कारण एक बोंबील कानाला टेकत होता. खारट थेंब कॉलरमधून आत जात होते. बेडरूममधून बायकोचा कॉलमधला आवाज येत होता, तो गोड, गुळगुळीत आवाज, ज्यात ती माझ्याशी कधीच बोलत नाही. समोरच्या बिल्डिंगमधले गृहस्थ मनीप्लांटला पाणी घालायला आले. आज त्यांनी बघितलं. झारी रिकामी झाली तरी बघत राहिले.

"जावय," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"काय आई?"

"हात दुकतान?"

"नाही, चालेल."

त्यांनी बादलीत बघितलं. वायरीकडे बघितलं. त्यांच्या मनात मर्यादा आणि व्यवहार यांची झटापट चालली होती ती मला दिसत होती. "नाय... धरलीच हाय तं... आजून चार जोऱ्या टाकू? फुकट जातील."

"टाका."

आणि त्यांनी टाकल्या. माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना, एकेक जोडी हलकेच, जावयाला लागू नये अशा बेताने. चार म्हणाल्या होत्या, बादली रिकामी झाली.

तेवढ्यात बायको तोच कॉल मोबाइलवर घेऊन, कॅमेरा पुढे धरून येताना ऐकू आली. "हो सर, दाखवते ना वायर. ही बघा, राउटरपासून निघाली... ही किचनच्या दारावरून..." मी डोळे मोठे करून मानेने नको नको केलं. पण वायर जिथून जाते तिथूनच जाते. कॅमेरा बाल्कनीत आला. आधी बोंबील, मग मी.

पलीकडून टीम लीडरचा आवाज आला. "मॅम... ते कोण आहेत?"

"मिस्टर," बायको त्याच गोड आवाजात म्हणाली. "सपोर्टला आहेत."

"ओके मॅम. वायर दिसली. स्पीड छान आहे. फक्त हे असं कायम...?"

"नाही नाही. आजच्या दिवस."

कॉल संपला. परवानगी राहिली. बायको मोबाइल छातीशी धरून खाली बसली आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. सासूबाई म्हणाल्या, "बाय, जावयांना पानी दे." माझे हात वरच होते. पाणी त्यांनीच माझ्या तोंडाला लावलं.

शनिवारी तोच माणूस मशीन घेऊन आला आणि माझ्या रंगवलेल्या भिंतींना भोकं पाडून नवी वायर आतून नेली. मी शेजारी उभा राहून धूळ पुसली. सासूबाईंची पिशवी बायकोने खाटेखालून ओढून रिकामी केली, पातळं कपाटात लावली आणि पिशवी बोंबलांसाठी मेव्हण्याकडे दिली. निळी वायर बाल्कनीत तशीच आहे. सासूबाईंचं म्हणणं, अशी दोरी दिवाळ्यातही नाही: कुजत नाही, मासा घसरत नाही, आणि कावळा तिच्यावर बसायला बिचकतो. राउटरचं मला माहीत नाही, पण बोंबलांचं काम ती आजवर बिनतक्रार करते आहे.

एवढं सगळं झालं, मी त्यांच्या बोंबलांखाली अख्खा कॉल उभा राहिलो, कानात मिठाचं पाणी घेतलं. तरी संध्याकाळी मी यायच्या आत ती वायर रिकामी होते. मी बायकोकरवी निरोप दिला की आई, राहू द्यात, मला काही वाटत नाही. त्या म्हणाल्या, तुला नाय कलायचा. एकदा मी लवकर आलो तर बाल्कनीत नुसती धावपळ. वॉकर आपटल्याचा आवाज. त्या गुडघ्यावर अशी घाई बरी नाही.

म्हणून आता मी लिफ्टमधून बाहेर आलो की आधी खोकतो. मग बुटाची नाडी सोडतो, पुन्हा बांधतो, पुन्हा सोडतो. आतून बादलीची कडी वाजायची थांबली की बेल दाबतो.